डिजिस्पार्क ॲटटायनी८५ : यूएसबी नसलेला यूएसबी बोर्ड

पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, दीड-दोनशे रुपयांच्या आसपास डिजिस्पार्क मिळतो. हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम भरून चालवायचा. टपाल तिकिटाएवढा आकार, आठ पायांची चिप, सहा पिना, आणि एका टोकाला बोर्डाचीच जीभ बाहेर काढून केलेला यूएसबी प्लग. केबलसुद्धा लागत नाही, थेट लॅपटॉपच्या पोर्टात खुपसायचा. या बोर्डाबद्दलच्या दहापैकी नऊ तक्रारी एकाच सुरातल्या असतात : दिवा लागला, टुडुंग आवाज आला, पाच सेकंदांनी आवाज परत आला आणि बोर्ड गायब. किंवा 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. मग लोक ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. बहुतेक वेळा तो प्रकार आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा असतो.

या बोर्डाचं परीक्षण करायचं तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते : या बोर्डावर यूएसबी नाहीच. ॲटटायनी८५ या चिपमध्ये यूएसबीचं हार्डवेअर नाही, आणि आर्डुइनो नॅनो या बोर्डाच्या नकलांवर असते तशी सीएच३४० सारखी मधली दुभाषी चिपही इथे नाही. दोन साध्या पिना सॉफ्टवेअरने हलवून यूएसबीची नक्कल केली जाते. ते काम व्ही-यूएसबी नावाचा कोड करतो. लो स्पीड यूएसबी म्हणजे सेकंदाला १५ लाख बिट, चिपचा क्लॉक १६.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका बिटासाठी चिपच्या हातात फक्त ११ क्लॉक सायकल. तेवढ्यात बिट वाचायचा, साठवायचा आणि पुढच्याला तयार राहायचं. त्यातून हा क्लॉक क्रिस्टलचा नाही, चिपच्या पोटातल्या आरसी ऑसिलेटरचा आहे. तो तापमान आणि व्होल्टेज बदललं की सरकतो. व्ही-यूएसबीला मात्र १ टक्क्याच्या आत अचूकता लागते. म्हणून बूटलोडर (चिप सुरू होताच आधी चालणारा, नवा प्रोग्रॅम भरून घेणारा छोटा कोड) प्रत्येक वेळी कॉम्प्युटरकडून दर मिलिसेकंदाला येणाऱ्या ठोक्यावर स्वतःचा क्लॉक जुळवून घेतो. ही कसरत रोज जमते हेच आश्चर्य, आणि कधीतरी जमत नाही तेव्हा त्यामागे बहुधा खाली दिलेल्यांपैकीच एखादं कारण असतं.

मूळ डिजिस्पार्क २०१२ मध्ये किकस्टार्टरवर डिजिस्टंप या कंपनीने आणला. आराखडा खुला होता, त्यामुळे आज दुकानात मिळतात ते जवळजवळ सगळे नकलाच आहेत. नकला वाईट नाहीत, पण एकसारख्याही नाहीत, आणि त्याचा त्रास पुढे दिसेलच. चिपमध्ये ८ किलोबाइट फ्लॅश आहे, त्यातला एक भाग मायक्रोन्यूक्लिअस बूटलोडर खातो आणि आपल्याला ६०१२ बाइट उरतात. रॅम ५१२ बाइट. एखादा ओलेड डिस्प्ले जोडायचा म्हटलं तरी लायब्ररी जपून निवडावी लागते.

पाच सेकंदांत काय दिसतं ते बघा

बोर्ड पोर्टात घातला की बूटलोडर जागा होतो आणि साधारण ५ सेकंद 'कुणी प्रोग्रॅम पाठवतंय का' म्हणून वाट पाहतो. कुणी नाही आलं तर आधीचा स्केच, म्हणजे आर्डुइनोच्या भाषेत प्रोग्रॅम, सुरू करतो. म्हणून आवाज येणं आणि पाच सेकंदांनी पुन्हा आवाज येणं हा बिघाड नाही, तो या बोर्डाचा स्वभाव आहे.

आता यातली बारीक गोष्ट. यूएसबीच्या दोन डेटा तारा असतात, डी-प्लस आणि डी-मायनस. बोर्डावर डी-मायनस तारेला १.५ किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे कायमचा वर ओढून बसवलेला आहे. 'इथे लो स्पीड डिव्हाइस लागलं आहे' ही खूण कॉम्प्युटरला त्या रेझिस्टरमुळेच कळते. बूटलोडर संपून तुमचा ब्लिंक (दिवा लुकलुकवणारा नमुना) स्केच चालू झाला तरी तो रेझिस्टर तिथेच असतो. कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी आलं आहे, तो हाक मारतो, ब्लिंकला यूएसबी येत नाही, उत्तर मिळत नाही, आणि विंडोज बोंब मारतं : अननोन डिव्हाइस. ही बोंब पाच सेकंदांनंतरची असेल तर दुर्लक्ष करा. निदान करायचं ते फक्त पहिल्या पाच सेकंदांचं.

लिनक्सवर हे सगळ्यांत सोपं. टर्मिनलमध्ये डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारा आदेश) चालू ठेवून बोर्ड लावा. 'न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ येऊन पाठोपाठ व्हेंडर १६डी० आणि प्रॉडक्ट ०७५३ दिसलं, तर तारा, क्लॉक आणि बूटलोडर सगळं ठणठणीत आहे. दोष असलाच तर तो ड्रायव्हर, परवानगी किंवा अपलोड करणाऱ्या साधनात आहे. 'डिस्क्रिप्टर रीड' आणि पुढे एरर उणे ७१ दिसला, तर बहुधा बोर्ड बोलतो आहे पण शब्द तुटत आहेत : सैल प्लग, खराब केबल, डेटा पिनांवर जोडलेलं काहीतरी किंवा न जुळलेला क्लॉक. उणे ११० दिसला तर बहुधा रेझिस्टरची खूण पोचली पण चिपने तोंडच उघडलं नाही : बूटलोडर नाही, किंवा तुम्ही पाच सेकंदांनंतरची ओळ बघत आहात. आणि काहीच ओळ आली नाही तर डी-मायनसची तार कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही.

विंडोजवर हेच डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून बघावं लागतं. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', कोड ४३, हे पहिल्या पाच सेकंदांतच आलं, तर ड्रायव्हरला हात लावू नका. डिस्क्रिप्टर म्हणजे डिव्हाइसचं नाव-गाव. तेच वाचता आलं नाही, तर कुठला ड्रायव्हर लावायचा हे विंडोजला कसं कळणार? इथे दुरुस्ती तारांची असते.

प्लग, केबल, हब

यूएसबी प्लगची जीभ साधारण सव्वादोन मिलिमीटर जाड हवी. बऱ्याच नकला १.६ मिलिमीटरच्या साध्या बोर्डावर छापलेल्या असतात. पोर्टात बोर्ड डुलतो, कडेच्या दोन पट्ट्यांना वीज मिळते म्हणून लाल दिवा लागतो, आणि मधल्या दोन डेटा पट्ट्या अर्धवट टेकतात. दिवा लागतो म्हणजे बोर्ड नीट लागला, हा समज इथेच मोडतो.

यावर फुकटातला उपाय म्हणजे मोबाइलचं सिम ज्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पत्त्यात येतं तो पत्ता. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. बाद झालेलं एटीएम कार्डही तेवढंच जाड. १.६ आणि ०.७६ मिळून २.३६, म्हणजे अगदी मापात. जिभेच्या रुंदीची पट्टी कापा, कॉन्टॅक्ट नसलेल्या बाजूला पातळ दुतर्फी टेपने किंवा थेंबभर सुपरग्लूने चिकटवा, पुढची कड कानशीने किंचित उतरती करा म्हणजे पोर्टात अडणार नाही. कॉन्टॅक्टच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने घासून पुसून घ्या. सोल्डरचा पातळ थर दिलेल्या पट्ट्या सोन्याच्या मुलाम्यापेक्षा लवकर मळतात.

मायक्रो यूएसबीवाला प्रकार घेतला असेल तर डुलण्याचा प्रश्न सुटतो आणि केबलचा सुरू होतो. इयरफोन किंवा ट्रिमरबरोबर येणाऱ्या अनेक केबलींत डेटाच्या तारा नसतातच. त्याच केबलीने फोन लॅपटॉपला जोडा. फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल डेटाची. नाही आला तर ती चार्जिंगपुरती ठेवा आणि तिच्यावर टेप गुंडाळून खूण करा, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तीच हातात येईल. टाइप-सी तोंडाच्या नकलांत आणखी एक मेख : सीसीच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर नसतील तर सी-टू-सी केबलने वीजच येत नाही. ए-टू-सी केबलने मात्र तोच बोर्ड चालतो.

पोर्टाचं म्हणाल तर यूएसबी ३ च्या पोर्टावर हा बोर्ड काही लॅपटॉपवर सुरळीत चालतो, काहींवर ओळखच देत नाही, आणि काहींवर अर्ध्या अपलोडमध्ये सुटतो. मध्ये साधा यूएसबी २ चा हब घाला. यात जादू नाही : हबमधलं ट्रान्सलेटर सर्किट बोर्डाशी लो स्पीडमध्ये आणि कॉम्प्युटरशी हाय स्पीडमध्ये बोलतं, त्यामुळे लॅपटॉपच्या कंट्रोलरचा थेट संबंध राहत नाही. हब घेताना 'यूएसबी ३' असं मोठ्या अक्षरात लिहिलेला घेऊ नका. तसलाच घरात असेल तर निळ्या जिभेचं पोर्ट सोडून काळं किंवा पांढरं वापरा. स्वस्त हबांत बहुधा एकच पोर्ट ३ चं असतं.

हबचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. हा बोर्ड उघडा आहे, त्याच्या पिना टेबलावरच्या सोल्डरच्या तुकड्याला टेकू शकतात. शॉर्ट झालाच तर दोनशेचा हब जाईल, लॅपटॉपचं पोर्ट नाही. हब हा या बोर्डाबरोबर घ्यायचाच भाग आहे असं धरा, किमतीत मिळवा, आणि मग स्वस्त आहे का ते ठरवा.

पी३ आणि पी४

सहा पिनांपैकी पी३ म्हणजे डी-मायनस आणि पी४ म्हणजे डी-प्लस. त्यांवर एलईडी, बटण, सेन्सर, रिले, काहीही जोडलेलं असेल तर अपलोडच्या वेळी ते काढा. पी४ वर ३३० ओहममधून जमिनीला जोडलेला एलईडीसुद्धा सिग्नल दाबायला पुरतो. शक्य असेल तर प्रकल्प पी०, पी१ आणि पी२ या तीन पिनांतच बसवा. आय-टू-सी (दोन तारांवर सेन्सर, डिस्प्ले वगैरे जोडायची पद्धत) हवा असेल तर एसडीए पी० वर आणि एससीएल पी२ वर येतो. बोर्डावरचा एलईडी मॉडेल ए मध्ये पी१ वर आणि मॉडेल बी मध्ये पी० वर असतो. ब्लिंक चढला पण दिवा लुकलुकत नाही, याचं कारण बहुतेकदा एवढंच. उदाहरणात दोन्ही पिना लिहून टाका, प्रश्न मिटतो.

पी३ इनपुट म्हणून वापरताना तो १.५ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. बटण उघडं असताना पिन कायम वरच राहील, आणि त्यावर पोटेन्शिओमीटर लावला तर वाचन भलतंच येईल.

मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांत बोर्डाची नाडी कळते. बोर्ड पोर्टातून काढा आणि मीटर ओहमवर ठेवा. पी३ पासून प्लगच्या मधल्या दोनपैकी एका पट्टीपर्यंत आणि पी४ पासून दुसऱ्या पट्टीपर्यंत ६८ ओहमच्या आसपास दिसायला हवं. अनंत दिसलं तर तो रेझिस्टर सुटलाय किंवा त्याखालचं सोल्डर कोरडं आहे. पी३ आणि ५ व्होल्ट पिनेच्या मध्ये दीड किलोओहमच्या आसपास. हा रेझिस्टर बोर्डावर १५२ अशा छापाने ओळखू येतो. मग बोर्ड लावा. ५ व्होल्ट पिनेवर नेमके पाच मिळणार नाहीत, वाटेत डायोड आहे, त्यामुळे साडेचार ते पावणेपाचच्या मध्ये काही दिसलं तर ठीक. पी३ वर ३ व्होल्टच्या आगेमागे, पी४ वर जवळजवळ शून्य.

पी३ वर २ व्होल्टच्या खाली दिसलं तर झेनरवर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक मर्यादेत धरणाऱ्या डायोडवर, संशय घ्या. चिप पाच व्होल्टवर चालते पण यूएसबीच्या डेटा तारा ३.६ च्या वर जाऊन चालत नाही, म्हणून दोन्ही तारांवर ३.६ व्होल्टचे झेनर बसवलेले असतात. ते छोट्या क्षमतेचे, पाव किंवा अर्ध्या वॉटचे हवेत. एक वॉटचा झेनर कमी करंटलाच गळायला लागतो आणि त्याची कपॅसिटन्सही जास्त, त्यामुळे सिग्नलच्या कडा गोल होतात. घरी ब्रेडबोर्डवर ॲटटायनीची यूएसबी जोडणारे 'मोठा घेतला तर टिकेल' म्हणून एक वॉटचाच झेनर आणतात आणि तिथेच फसतात.

ड्रायव्हर आणि साधन

नाव-गाव नीट दिसतंय आणि तरी अपलोड होत नाही, तेव्हाच या भागाकडे या.

या बोर्डाला कॉम पोर्ट नसतं. आर्डुइनो आयडीई या प्रोग्रॅम लिहून चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टचा मेनू रिकामा किंवा करडा दिसला तर घाबरू नका, तिथे काही निवडायचंच नाही. बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणारा सिरियल मॉनिटरही चालणार नाही. डिजिसीडीसी नावाची लायब्ररी कॉम पोर्टचा आभास देते, पण लो स्पीडमध्ये त्यासाठी लागणारे बल्क एंडपॉइंट (मोठा डेटा पाठवायचे मार्ग) यूएसबीच्या नियमांत बसत नाहीत, त्यामुळे एका कॉम्प्युटरवर चाललेली ती दुसऱ्यावर चालेलच असं नाही. तिच्या नादी लागू नका.

बोर्ड म्हणून डिजिस्पार्क डिफॉल्ट १६.५ मेगाहर्ट्झ निवडा. क्रम नेहमीच्या उलटा : बोर्ड बाहेर ठेवून आधी अपलोड दाबायचं, खाली 'प्लीज प्लग इन द डिव्हाइस' अशी ओळ आली की मग बोर्ड लावायचा. ६० सेकंदांची मुदत असते. पुढे टक्के सरकतात आणि शेवटी 'मायक्रोन्यूक्लिअस डन, थँक यू' येतं. ती ओळ येण्याआधी बोर्ड उपटू नका. चिप ६४ बाइटांच्या एकेका पानावर लिहिते, आणि पान पुसताना व लिहिताना साडेचार मिलिसेकंदांपर्यंत पूर्ण थिजलेली असते, त्या काळात कुणालाही उत्तर देत नाही. अपलोड करणारं साधन म्हणूनच पानापानामध्ये थांबत जातं. मधेच हलवलं तर अर्धवट स्केच राहतो. बूटलोडर सहसा वाचतो, पुन्हा अपलोड केला की झालं.

विंडोजवर लिबयूएसबी-विन३२ हा ड्रायव्हर लागतो. डिजिस्टंपचा ड्रायव्हर गठ्ठा हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर झाडिग हे ड्रायव्हर बसवायचं साधन. अडचण अशी की झाडिगच्या यादीत बोर्ड पाच सेकंदच दिसतो. ऑप्शन्समध्ये लिस्ट ऑल डिव्हायसेस आधीच चालू करा, बोर्ड लावा, १६डी० आणि ०७५३ हे आकडे डोळ्यांनी वाचा आणि मगच इन्स्टॉल दाबा. घाईत यादीतला कीबोर्ड किंवा माउस निवडला गेला तर त्याचा ड्रायव्हर बदलून तोच बंद पडतो. ही चूक खरोखर होते. वेळ पुरत नसेल तर झाडिगच्या डिव्हाइस मेनूत क्रिएट न्यू डिव्हाइस आहे, तिथे आकडे हाताने टाकून निवांत ड्रायव्हर बसवता येतो.

लिनक्सवर ड्रायव्हर नको, परवानगी हवी. 'अबॉर्ट मिशन, उणे १ एरर' आला की पहिला संशय तिथेच घ्या. ४९-मायक्रोन्यूक्लिअस नावाची नियमांची फाइल यूडेव्हच्या (डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) फोल्डरमध्ये टाका, नियम पुन्हा वाचायला लावा, बोर्ड काढून लावा. सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारा आदेश) वापरून एकदा अपलोड करून पाहिलं की परवानगीचाच दोष आहे का ते लगेच कळतं. मॅकवर जुन्या पॅकेजमधलं साधन ३२ बिटी असल्याने कॅटालिनापासून पुढे ते उघडतच नाही, नवीन साधन घ्यावं लागतं.

जुन्या साधनाचा आणखी एक त्रास, आणि हा फसवा आहे. नकला बनवणाऱ्यांनी काही बोर्डांत बूटलोडरची १.६ आवृत्ती टाकलेली असते, काहींत २ च्या पुढची. जुनं साधन नव्या बूटलोडरला ओळखत नाही आणि 'अननोन न्यू व्हर्जन' म्हणून थांबतं. एकाच पाकिटातले दोन बोर्ड, एक चालतो, एक नाही, आणि दोन्ही चांगले! नवं साधन दोन्हींशी बोलतं. डिजिस्टंपच्या साइटवरचा पॅकेजचा मूळ दुवाही आता भरवशाचा राहिलेला नाही. त्याऐवजी गिटहबवरून एटीटायनीकोर हे पॅकेज बसवा, त्यात मायक्रोन्यूक्लिअस डिजिस्पार्कची वेगळी नोंद आहे. मात्र बोर्डाला कीबोर्ड बनवणारी डिजिकीबोर्ड ही लायब्ररी मूळ डिजिस्टंप पॅकेजमधली, ती हवी असेल तर त्या पॅकेजची प्रत गिटहबवर शोधावी लागते.

स्केच चढला, पण कीबोर्ड मधेच सुटतो

हा बोर्ड लोक घेतात तो मुख्यतः कीबोर्ड किंवा व्हॉल्यूमचं चाक बनवायला. इथे गोंधळ घालणारा शब्द एकच : डिले, म्हणजे स्केचमधला थांबण्याचा आदेश, आकडा मिलिसेकंदांत. व्ही-यूएसबीला दर ५० मिलिसेकंदांच्या आत एकदा तरी हाक द्यावी लागते. स्केचमध्ये साधा डिले १००० लिहिला की चिप सेकंदभर कॉम्प्युटरला उत्तर देत नाही, आणि कॉम्प्युटर नाव कापतो. त्या जागी डिजिकीबोर्ड लायब्ररीचा स्वतःचा डिले वापरा, तो वाट पाहता पाहता यूएसबीकडे लक्ष ठेवतो. सुरुवातीला एक शून्य की पाठवून थोडं थांबा, नाहीतर काही कॉम्प्युटरवर पहिलं अक्षर गिळलं जातं.

निओपिक्सलची (एकेका एलईडीचा रंग वेगळा ठरवता येणारी) पट्टी आणि यूएसबी एकत्र आणण्याचा हट्ट करू नका. एका एलईडीला २४ बिट, ३० मायक्रोसेकंद, आणि तेवढा वेळ सगळे इंटरप्ट, म्हणजे चिपचं लक्ष वेधणारे इशारे, बंद. ६० एलईडींची पट्टी म्हणजे १.८ मिलिसेकंद चिप बहिरी, आणि यूएसबीचा ठोका दर मिलिसेकंदाला. आठ-दहा एलईडींवर कधी चालेल, कधी नाही, आणि 'कधी नाही' हे नेमकं पाहुण्यांसमोर. यूएसबीची लायब्ररी असलेला स्केच ८ किंवा १ मेगाहर्ट्झ निवडून चढवला तरी कीबोर्ड उठणार नाही. १६.५ ला पर्याय नाही.

प्रत्येक अपलोडला प्लग काढून घालायचा कंटाळा येतो, आणि पोर्टही झिजतं. बहुतेक नकलांत पी५ ही पिन रिसेट म्हणूनच सोडलेली असते. पी५ आणि जमिनीच्या मध्ये एक बटण लावा. बटण दाबलं की बूटलोडर पुन्हा पाच सेकंद जागा होतो. सव्वादोन रुपयांच्या बटणाने या बोर्डाचा निम्मा वैताग कमी होतो. पी५ वर एलईडी जोडून 'पिन मेली' म्हणणाऱ्यांची अडचणही हीच, ती पिन अजून रिसेट आहे.

बूटलोडरच नसेल तर

सगळ्या मोजणीत बोर्ड पास, दुसऱ्या कॉम्प्युटरवर हबमधूनही उणे ११०, तर बूटलोडर उडालाय किंवा मुळात टाकलेलाच नव्हता. आर्डुइनो उनो घ्या, त्यात आर्डुइनो आयएसपी (उनोलाच प्रोग्रॅमर बनवणारा) हा स्केच चढवा, मग उनोच्या रिसेट आणि जमिनीच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रिसेटकडे. कपॅसिटर स्केच चढवल्यानंतरच लावायचा. जोडणी : उनोची १० नंबर पिन पी५ ला, ११ पी० ला, १२ पी१ ला, १३ पी२ ला, शिवाय ५ व्होल्ट आणि जमीन. बोर्ड यूएसबीतून काढलेला असू द्या.

एव्हीआरड्यूड या चिपमध्ये लिहिण्या-वाचण्याच्या साधनाने सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, वाचा. १ई ९३ ०बी आली तर चिप शाबूत आहे. मायक्रोन्यूक्लिअसच्या गिटहबवरून टी८५ डिफॉल्ट नावाची हेक्स फाइल चढवा आणि फ्यूज (चिपच्या कायमच्या सेटिंग्ज) असे ठेवा : लो ई१, हाय डीडी, एक्स्टेंडेड एफई. इंटरनेटवर हाय फ्यूज ५डी करा असा सल्ला सापडेल, त्याने पी५ साधी पिन म्हणून मोकळी होते. करू नका. ५डी केल्यावर रिसेट बंद, उनोने पुन्हा आत शिरता येत नाही, वरचं बटणही गेलं, आणि परत यायला १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रॅमर बांधावा लागतो. सिग्नेचर सगळी शून्यं किंवा सगळे एफएफ आली तर आधी तारा तपासा, मग पी५ कुणी मोकळी केली आहे का याचा संशय घ्या.

घ्यावा का?

यूएसबी आतून कशी चालते हे शिकायचं असेल, एखादं बटण किंवा चाक कीबोर्ड म्हणून जोडायचं असेल, किंवा यूएसबी फक्त प्रोग्रॅम भरायला आणि पुढे बोर्ड पॉवर बँकेवर एलईडी नाचवायला हवा असेल, तर घ्या, एकाऐवजी दोन घ्या. दोन असले की दोष बोर्डाचा की कॉम्प्युटरचा हे अर्ध्या मिनिटात कळतं. फक्त पॉवर बँकेवर सुरू व्हायला ते पाच सेकंद लागणारच हे धरून चाला. यूएसबीऐवजी बाहेरून वीज द्यायची असेल तर व्हीआयएन पिनेला ७ ते १२ व्होल्ट द्या. रेग्युलेटर जास्त सोसतो असं लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टवर ५० मिलिअँपिअर ओढले तरी ०.३५ वॉट उष्णता त्या चिमुकल्या रेग्युलेटरमधून बाहेर पडायची असते.

सिरियल मॉनिटरवर आकडे बघत शिकायचं असेल तर हा बोर्ड चुकीचा. सीएच३४० चा नॅनो घ्या. खरा यूएसबी कीबोर्ड, मिडी किंवा जॉयस्टिक बनवायचा असेल तर चिपमध्येच यूएसबी असलेला ॲटमेगा३२यू४ चा प्रो मायक्रो किंवा २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको पाहा. पिकोवर बूटसेल बटण दाबून लावलं की पेन ड्राइव्हसारखा उघडतो, फाइल ओढून टाकली की काम झालं, आणि रॅम २६४ किलोबाइट. शाळेच्या कार्यशाळेत तीस मुलांच्या तीस वेगवेगळ्या लॅपटॉपांवर डिजिस्पार्क वाटण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या, पहिला तास झाडिगमध्येच जाईल.

काउंटरवर घेताना तीन गोष्टी बघा. जीभ बोटांत धरून जाडी, कारण १.६ आणि सव्वादोनमधला फरक नखाला कळतो. चिपवर अक्षरं नीट वाचता येतात का. आणि दुकानात कॉम्प्युटर असेल तर बोर्ड लावून पहिल्या पाच सेकंदांत १६डी० दिसतं का. दुकानदार दिवा दाखवून 'चालू आहे' म्हणेल. दिवा काय, सेलवरही लागतो.